ड्युअल एक्झॉस्ट घ्यायचाय? सोलापूरच्या रस्त्यांवर चालेल असा कसा निवडावा

ड्युअल एक्झॉस्ट (धूर मागे दोन टोकांतून सोडणारी पाइपची रचना) बसवायचं मनात असेल तर मागचा बंपर नंतर बघा, आधी बॉनेट उघडा. इंजिन कोणत्या रचनेचं आहे, यावरच निम्मा निर्णय होतो.

व्ही-६ किंवा व्ही-८ इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगा असतात. प्रत्येक रांगेचा धूर स्वतंत्र पाइपने काढला तर त्याला खरा अर्थ आहे. २०१६ साली भारतात आलेली मस्टँग जीटी अशी गाडी. तिथे दोन पाइपांना मध्ये जोडणारा एच किंवा एक्स आकाराचा दुवा लागतो: एचने आवाज घोगरा राहतो, एक्सने तो मऊ आणि वरच्या पट्टीत जातो.

पण सोलापुरात हौसेने चालवल्या जाणाऱ्या व्हर्टस, स्लाव्हिया, आय२० एन लाइन, पोलो जीटी यांची इंजिनं एका रांगेतली, तीन किंवा चार सिलिंडरची. टर्बोही एकच. धूर एकाच तोंडातून येतो आणि शेवटी वाय जोडाने दोन फाटे केले जातात. त्यातून दिसणं बदलतं, आवाज बदलतो; ताकद मात्र वाढत नाही. कोणी दोन टोकांवर हॉर्सपॉवर विकत असेल तर त्या दुकानातून सरळ बाहेर पडा. दिसण्यासाठी आणि आवाजासाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या, त्यात काहीच वावगं नाही.

आता पाइपची जाडी. इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. पाइपमधून किती वायू जाईल हे व्यासाच्या वर्गावर ठरतं. दीडशे पीएसच्या आसपासच्या गाडीला सव्वादोन इंची मुख्य पाइप पुरतो. त्याचा वर्ग साधारण ५. वायच्या पुढे पावणेदोन इंची दोन फाटे घेतले तर दोन्ही मिळून ६ च्या थोडं वर, म्हणजे पुरेसे. दोन्हीकडे सव्वादोनच टाकले तर जागा दुप्पट होते, वायू मंदावतो, लवकर थंड होतो आणि गाडीखाली वजन उगाच वाढतं. बेंड मँड्रेलचेच, म्हणजे पाइपच्या आत आधार घालून वाकवलेले, मागा. साध्या मशीनवर वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो, मग बाकी ठिकाणी कितीही जाड असला तरी उपयोग नाही.

धातूच्या बाबतीत सोलापूरची कोरडी हवा आपल्या बाजूने आहे. कोकणासारखा बाहेरून गंज चढत नाही. पण सात रस्ता ते जुळे सोलापूर अशा छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापत नाही, आत पाणी साचतं आणि गंज आतून लागतो. ड्युअलमध्ये धूर वाटला गेल्याने दोन्ही मफलर, म्हणजे आवाज दाबणारे डबे, आणखी थंड राहतात. म्हणून ४०९ किंवा ३०४ ग्रेडचं स्टेनलेस घ्या आणि मफलरच्या तळाला पाणी निघायला बारीक भोक आहे का, हे पाहा. दुकानात लोहचुंबक घेऊन जा: ४०९ ला तो चिकटतो, ३०४ ला सहसा नाही. ३०४ चे पैसे घेऊन दुसरंच काही गळ्यात मारलं जात असेल तर तिथेच कळेल.

सगळ्यात जास्त वेळ मात्र आवाजावर घालवा, आणि तोही गाडीच्या आत बसून. मोबाइलवरचा व्हिडिओ फक्त बाहेरचा दणका सांगतो. पुणे रोडला मोहोळच्या पुढे गाडी टॉप गिअरमध्ये एका वेगाला स्थिरावली की केबिनमध्ये जी एकसुरी घूं सुरू होते, ती व्हिडिओत येत नाही. चार सिलिंडरचं इंजिन २४०० आरपीएमला फिरताना ८० हर्ट्झचा नाद काढतं, आणि तो डिकीत घुमून मागच्या सीटवरच्या माणसाचं डोकं उठवतो. व्हर्टस-स्लाव्हियाच्या १.५ टीएसआय इंजिनात हलक्या पायाने चालवताना दोन सिलिंडर बंद होतात; तेव्हा हा नाद निम्म्यावर, ४० हर्ट्झवर उतरतो आणि जास्तच जाणवतो. त्या गाडीचा रेझोनेटर, म्हणजे अशी घूं कमी करणारा पाइपवरचा डबा, कधीही काढू नका. घूं उरलीच तर एका टोकाला बंद असलेली नळी पाइपला जोडून ती मारता येते, पण ८० हर्ट्झसाठी ती मीटरभराहून लांब लागते. त्यामुळे तिला गाडीखाली जागा आहे का, हे ऑर्डर देण्याआधी विचारा. शक्य असेल तर त्याच मॉडेलची, तोच सेट बसवलेली गाडी शोधा आणि मागच्या सीटवर बसून हायवेला एक फेरी मारा.

नंतर गाडी रॅम्पवर चढवा. स्पेअर व्हीलच्या खळग्यामुळे दुसऱ्या बाजूला मफलरला जागा उरते का? चार माणसं बसल्यावर स्पीड ब्रेकरला पाइप घासेल का? एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर पारा असताना पाइप बंपरच्या प्लास्टिकला किंवा पेट्रोलच्या टाकीला खेटून चालणार नाही. हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) जागेवर राहिलीच पाहिजे. जोड आर्गॉन वेल्डिंगचे घ्या आणि पाइप टांगून धरणारे हँगर रबराचे.

कायद्याकडे काणाडोळा करू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, म्हणजेच कॅट) आणि ऑक्सिजन सेन्सरला हात लावायचा नाही. बदल फक्त त्यांच्या मागे. बीएस-६ गाडीत कॅट काढला की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पीयूसीही अडतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज किंवा धुराचा नियम मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र होऊ शकतं. परवानगी नसलेल्या फेरबदलासाठी कलम १८२अ मध्ये दर बदलामागे पाच हजारांचा दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. म्हणून विक्रेत्याकडून मंजुरीचे कागद आधी मागा, आणि कंपनीच्या वॉरंटीवर काय परिणाम होईल हे शोरूमकडून लेखी घ्या. मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका. गाडी विकताना किंवा तपासणीला तो लागतोच.

बसवून झाल्यावर गाडी थंड असताना टोकांवर जाड कापड धरून इंजिन चालू करा. जोडातून फुसफुस ऐकू आली तर तिथेच परत वेल्डिंग करून घ्या. पाचेकशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा रॅम्पवर चढवून क्लँप आवळून घ्या, कारण धातू तापून-निवून ते थोडे ढिले होतात.