बर्बनचं वय ओळखायचंय? आधी पाणी मोजा

डोळ्यांवर पट्टी बांधायची गरज नाही. बाटल्या लपवा, पेले झाका, तेवढं पुरतं. इंदूरच्या दिवाणखान्यात चार जण बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकी व्हिस्की, घेऊन बसले की ‘ही जुनी, ही कोवळी’ असा निकाल दहा मिनिटांत लागतो. बहुतेक वेळा जी जास्त चढी, म्हणजे जास्त अल्कोहोलची, असते तिलाच जुनी ठरवून मंडळी मोकळी होतात. चढी व्हिस्की वेगळी आणि पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली वेगळी. या दोघींची फारकत जमली तरच चाखणीला अर्थ.

किरकोळ गोष्टी उरकून घेऊ. पेले तोंडाशी निमुळते, सगळे एकसारखे, प्रत्येकात २० मिली. ओतणारा माणूस चाखणाऱ्यांत नको. पेल्यांवर ४१७, ८६२ असे तीन आकडी नंबर घाला. १-२-३ लिहिलं की पहिल्याला उगाच मान मिळतो. मे महिन्याची संध्याकाळ टाळा, उकाड्यात सगळ्यांआधी अल्कोहोलच नाकात शिरतं. उदबत्ती, मोगऱ्याचा गजरा आणि फोडणी तिन्ही बंद. जीरावन (इंदुरी मसाला) भुरभुरलेले पोहे किंवा लसणाची शेव खाऊन बसलात तर त्या दिवशी चाखूच नका. मधे तोंडात टाकायला नुसते परमल म्हणजे कुरमुरे, शेव वगळून.

पेल्यांभोवती काळा कागद मात्र हवाच. बर्बनमध्ये वरून रंग घालायला परवानगी नाही, म्हणून ‘गडद ती जुनी’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. पण गोदामाच्या वरच्या, तापणाऱ्या मजल्यावरचं पिंप कमी वर्षांत गडद होतं, आणि पाणी पडलं की तीच व्हिस्की फिकी दिसते.

बाटल्या निवडताना धान्य आणि घराणं, म्हणजे बनवणारी कंपनी, एकच ठेवा. बर्बनमध्ये मका किमान ५१ टक्के लागतो. उरलेल्यात राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) आहे की गहू यावर चव फिरते. गव्हाची मऊ लागते, लोक तिला मुरलेली समजतात. रायची झणझणते, तिलाही लोक जुनीच म्हणतात! नॉब क्रीक या बर्बनची ९ वर्षांची आणि १२ वर्षांची ही शिकायला उत्तम जोडी: दोन्ही ५० टक्के अल्कोहोलच्या, एकाच घरच्या. परदेशातून येणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा. लेबलवरचं वय आतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं असतं, एवढं ध्यानात असू द्या.

अशी जोडी नसेल तर पाण्याचा हिशोब करावाच लागतो, आणि बहुतेकांची चाखणी इथेच फसते. ‘दोन थेंब घाला, खुलते’ हा सल्ला पिण्यापुरता ठीक. तुलनेसाठी तो कुचकामी आहे, कारण दोन थेंबांनी ४५ आणि ६० टक्क्यांमधली दरी बुजत नाही. सगळे पेले एकाच तेजावर, म्हणजे अल्कोहोलच्या एकाच टक्क्यावर, आणा. बाटलीवर प्रूफ (अल्कोहोलचं अमेरिकी माप) लिहिलं असेल तर निम्मं करा: १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के. मग मिलीला बाटलीवरच्या टक्क्यांनी गुणा, हव्या त्या टक्क्यांनी भागा आणि त्यातून मूळ मिली वजा करा. ५० टक्क्यांची २० मिली ४० वर आणायची तर २० गुणिले ५० भागिले ४० म्हणजे २५, म्हणून पाणी ५ मिली. ४५ टक्क्यांच्या पेल्यात अडीच मिली, ६२.५ च्या पेल्यात सव्वाअकरा. चमच्याने अंदाज धरू नका. औषधाच्या दुकानात ५ मिलीची सिरिंज मिळते, सुई काढून वापरा.

पाणी आरओचं किंवा बाटलीबंद घ्या. नर्मदेच्या नळाला क्लोरीनचा वास असेल तर तो थेट पेल्यात उतरतो. पाणी घातल्यावर पेल्यावर वाटी झाकून दहा मिनिटं थांबा, नाहीतर नाकाला नुसता अल्कोहोलचा भपका बसतो. थंड करून न गाळलेली व्हिस्की पाण्याने धुरकट होते आणि बिंग फुटतं. काळा कागद तिथेही उपयोगी. ‘पाण्याने बाटलीचा स्वभाव मारला’ म्हणणाऱ्यांनी ती नंतर खुशाल पाण्याविना प्यावी.

आता वय. नाक कडेशी, तोंड किंचित उघडं. कोवळ्या बर्बनमध्ये मका उघडा असतो: सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसाची आठवण व्हावी असा दुधट, उकडलेला वास. व्हॅनिला, नारळ, जळक्या साखरेचा पाक हे वयाचे पुरावे धरू नका. आतून जाळलेलं नवं ओकचं पिंप हे सगळं लवकर देतं. वर्षांगणिक वाढत जातो तो लाकडाचा तुरटपणा. पहिला घोट सोडून द्या. दुसरा घोट पिकदाणीत टाका आणि घड्याळ लावून एक मिनिट गप्प बसा. गोडवा ओसरल्यावर हिरड्या कोऱ्या काळ्या चहासारख्या आवळल्या, मागून खारीक, तंबाखू, जुन्या सागवानी कपाटाचा वास आला, तर वय आहे. जिभेच्या टोकाला चटका बसून विरला, तर ती रायची किंवा अल्कोहोलची करामत. तुरटपणाच उरला आणि फळ गायब झालं, तर व्हिस्की पिंपात जास्त राहिली. बर्बनचं माहेर असलेल्या अमेरिकेतल्या केंटकीच्या उन्हाळ्यात, नव्या लाकडात, असं होतं. स्कॉचचे १८-२० वर्षांचे आडाखे इथे लावू नका.

नाक थकलं की स्वतःच्या बाहीचा वास घ्या. कॉफीच्या बियांचं थोतांड सोडा.

शेवटी स्वतःचीही परीक्षा घ्या. तीन पेले, दोनांत एकच व्हिस्की, वेगळा ओळखायचा. अशा सहा फेऱ्या, ५-५ मिलीच्या, वेगवेगळ्या दिवशी वाटून. सहापैकी चार किंवा जास्त बरोबर येणं नुसत्या नशिबानेही दहात एकदा होतं, तेव्हा चारवर मिशा पिळू नका. पाच किंवा जास्त नशिबाने यायची शक्यता शंभरात दोनहून कमी. उत्तरं कागदावर लिहून झाल्याशिवाय काळा कागद सोडू नका, आणि पाणी घातलेली उरलेली व्हिस्की बाटलीत परत ओतू नका.