थंडीनं बियाणं मरत नाही, ओलीनं मरतं

सोयाबीनची पोती घरात येऊन पडलीत, भाताची मळणी आटपत आलीय, आणि खानापूर-चंदगड साईडला सकाळी दव असं पडतंय की खळ्यावरची ताडपत्री पिळून काढावी. म्हणून आत्ताच सांगतो, पुढच्या जूनला जे बी घरचं पेरणार आहात ते परत एकदा उन्हात घाला. आज-उद्याच घाला, या दिवसांत बंगालच्या उपसागरात काहीतरी वळतं आणि आपल्याकडं आभाळ धरून झिमझिम लागते, मग ऊन कुठनं आणणार.

दुकानात सध्या नवीनच चाललंय, थंडीनं बियाणं मार खातं म्हणून कसली तरी पावडर गळ्यात मारतात. अहो आपला पारा उतरून उतरून किती उतरणार! लडाखात चांग ला खिंडीजवळ १७ हजार फुटांवर मुद्दाम थंडी बघून बियाण्याचं कोठार केलंय. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या कोठारात २००८ पासून उणे १८ डिग्रीला बी ठेवतात. तिथं मरत नाही ते आपल्या माळ्यावर मरेल व्हय?

कारण साधं आहे. बी पिकताना पाणी सोडतं, पेशीतली साखर घट्ट होऊन काचेगत होते, गोठायला पाणीच शिल्लक राहत नाही. ओल राहिली तर मात्र त्याच पाण्याचा बर्फ होऊन पेशी फाटतात. डोंगरातल्या झाडांचं बी असंच तगतं, शिवाय वरचा जाड बर्फ थंडी अडवतो, खालची माती शून्याच्या आसपासच राहते. सफरचंदाच्या बियाला तर ओल्या वाळूत दोन-तीन महिने गारवा मिळाल्याशिवाय कोंब येत नाही, पण ते सफरचंदाचं, सोयाबीनला तसलं काही करायला जाऊ नका.

आपल्याकडं बर्फ नाही, पण ओलं बी पोत्यात श्वास घेत राहतं, आतनं तापतं, बुरशी धरतं आणि मेपर्यंत संपतं. दरवर्षी बघतोय, जूनमधे उगवण झाली नाही की शिव्या पावसाला, आणि चूक झालेली असते नोव्हेंबरात. सोयाबीनमधे ओल १२ टक्क्यांच्या आत, भातात १३ च्या आत. ढोबळ हिशेब असा की ओल एक टक्का उतरली की बियाण्याचं आयुष्य दुप्पट.

ओल मोजायचं मीटर नसेल तर कोरडी काचेची बाटली घ्या, मूठभर बी, चमचाभर कोरडं मीठ, झाकण लावून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर अजून बरीच ओल आहे. चिकटलं नाही म्हणजे १२ झालं असं नव्हे, अजून एक-दोन उन्हं द्याच. माझा अंदाज दाताचा, दाणा कट्टकन तुटला पाहिजे, चेपला तर नाही.

बाकीचं नेहमीचं:
- दव उडाल्यावर पसरा, तीनच्या आत गोळा करा
- तापलेल्या सिमेंटवर नको, ताडपत्रीवर पातळ थर
- गार झाल्यावरच पोती भरा
- खाली फळ्या, भिंतीपासून लांब, थप्पी पाच पोत्यांपेक्षा उंच नको
- सोयाबीनची पोती आपटू नका, साल पातळ असते

बटाट्याच्या बेण्याला यातलं काही लावू नका, त्यात पाणीच पाणी, शून्याखाली गेलं की लिबलिबीत. ते कोल्ड स्टोरेजला २ ते ४ डिग्रीलाच.

एप्रिलमधे ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून उगवण बघा. सोयाबीनचे ७० उगवले तर एकरी ३० किलो, आणि पेरताना किलोला ३ ग्रॅम थायरम (बुरशीचं औषध), ते सुकल्यावर रायझोबियम (मुळांवर नत्र धरणारे जिवाणू). ७० च्या खाली आलं तर मेमधेच रयत संपर्क केंद्रात (कर्नाटकातलं शेती खात्याचं केंद्र) बियाण्याची चौकशी करा, जूनमधे दुकानदार म्हणेल तो दर द्यावा लागतो. आणि उगवण बघायच्या आधी औषध चोळून ठेवू नका, नापास झालेलं बी मग मिललाही घालता येत नाही.