उपवासाच्या भगरीतून विषबाधा झाली तर ओळखायचं कसं, करायचं काय आणि कळवायचं कुठे

महाशिवरात्र असो, आषाढी असो नाहीतर नवरात्र, भगर खाऊन विषबाधा झाल्याची बातमी मराठवाडा-विदर्भातून कुठून ना कुठून येतेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला हरिनाम सप्ताहात एकादशीचा प्रसाद म्हणून भगर-आमटी वाटली आणि शेकडो लोक आजारी पडले, दवाखान्यात जागा पुरेना म्हणून बाहेर दोऱ्या बांधून त्याला सलाईन लटकवल्या होत्या. हे सगळं टाळता येण्यासारखं आहे म्हणून सविस्तर लिहितोय, घरातल्या आई-आजीला वाचून दाखवा.

आधी हे होतं कशामुळे ते बघू. भगर म्हणजे वरई, ती ओलसर जागी किंवा जास्त दिवस पडून राहिली की तिच्यावर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि ती बुरशी फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषद्रव्यं तयार करते. बुरशी दरवेळी डोळ्याला दिसेलच असं नाही आणि भगर उकळली म्हणून विष गेलं असं धरून चालता येत नाही, त्यामुळे "आम्ही चांगली शिजवून खाल्ली होती" याला काही अर्थ नाही. पिठाचं तर अजूनच वाईट, ते ओल पटकन धरतं आणि सुटं पीठ कधी दळलंय हे दुकानदारालाही धड सांगता येत नाही.

ओळखण्यात सगळ्यात मोठी अडचण म्हणजे उपवासाच्या दिवशी मळमळलं, डोकं गरगरलं की घरात सगळे म्हणतात पित्त झालंय, आणि लिंबूपाणी देऊन झोपवतात. पण भगरीच्या विषबाधेत खाल्ल्यावर काही तासांत उलट्या, चक्कर, घाम येतो आणि बऱ्याच जणांचे हातपाय थरथरायला लागतात. थरथर दिसली की पित्ताचा विषय बंद, सरळ डॉक्टरकडे. दुसरी खूण अगदी सोपी आहे, एकाच पातेल्यातलं खाल्लेल्या दोघातिघांना एकाच वेळी त्रास सुरू झाला तर ते पित्त नाही, कारण पित्त काय सगळ्या घराला मिळून होत नाही. शेजारी ज्यांनी त्याच दुकानातून भगर आणलीय त्यांनाही लगेच फोन करा, कदाचित त्यांनी अजून खाल्ली नसेल.

त्रास सुरू झाला की उरलेलं खाणं ताबडतोब थांबवा आणि ओआरएस सुरू करा. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घाला, कमी-जास्त करू नका. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, आणि हे घोट घोट द्यायचं, उलटी झाली तर १० मिनिटं थांबून परत. इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, बऱ्याच बायका अशा वेळीही "उपवास आहे, साधं मीठ चालत नाही" म्हणून ओआरएस नको म्हणतात. आधीच दिवसभर पोटात पाणी कमी गेलेलं असतं, त्यात उलट्या, अंगातलं पाणी झपाट्याने जातं. त्यांना प्रेमाने समजवा पण पाजाच. मुद्दाम बोटं घालून उलटी काढू नका, मनाने जुलाब थांबवायच्या गोळ्या देऊ नका.

पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, ६-८ तास लघवी नाही, शुद्ध हरपतेय किंवा खूप झोप येतेय, शौचातून रक्त, थरथर वाढतेय, यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन लावा. लहान बाळ, गरोदर बाई, म्हातारी माणसं, शुगर-किडनीचे पेशंट यांच्या बाबतीत तर एवढीही वाट बघू नका.

आता कळवण्याचं, जे जवळजवळ कोणीच करत नाही. रागाने सगळी भगर उकिरड्यावर फेकून भांडी घासून मोकळे होतात आणि पुरावाच जातो. शिजवलेल्यातलं थोडं स्वच्छ कोरड्या डब्यात झाकून, वर "खाऊ नका" लिहून फ्रीजमध्ये ठेवा, कच्ची भगर किंवा पीठ आहे त्याच पिशवीत राहू द्या. पाकीट असेल तर बॅच नंबर, तारीख आणि १४ आकडी एफएसएसएआय नंबरचा (म्हणजे अन्न परवान्याचा) फोटो काढा, बिल असेल तर तेही जपा. मग अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५, नाहीतर जिल्ह्याच्या ऑफिसात सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे तक्रार, किंवा फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅप. गावात असाल तर आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा. डॉक्टरांना काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, किती जणांना त्रास आहे हे स्पष्ट सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. दुकानदार ओळखीचा आहे, कशाला त्याच्या पोटावर पाय द्यायचा असं वाटतं खरं, पण खराब माल बहुतेक वेळा त्याच्याकडेही मागूनच आलेला असतो आणि तुम्ही बोललात तर त्याच पोत्यातलं दुसऱ्या दहा घरांत जायचं थांबेल.

पुढच्या वेळी घेताना सुटी भगर घेऊ नका, पॅकबंद आणि तारीख बघूनच घ्या. पीठ विकत आणण्यापेक्षा भगर निवडून, स्वच्छ करून, लागेल तेवढंच घरी दळा आणि लगेच संपवा. डबा कोरडा, घट्ट झाकणाचा हवा, ओला चमचा घालायचा नाही. मागच्या उपवासाची उरलेली भगर वास-रंग बदललेला दिसली, गुठळ्या दिसल्या तर चाखूनही बघू नका. आणि शिजवलेली भगर-आमटी सकाळपासून रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवू नका, २ तासांत फ्रीजमध्ये गेली पाहिजे. सप्ताहाला किंवा देवळात प्रसाद करणाऱ्या मंडळींनी भगर कुठून घेतली त्याची पावती आणि शिजवलेल्या प्रसादातली वाटीभर वेगळी काढून झाकून फ्रीजमध्ये किमान दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावी.