हंगामापूर्वी जाळ्याची खोळ तपासा

नौका रंगवून होते, इंजिनाचं ऑइल बदलून होतं. जाळं मात्र मागच्या हंगामात गुंडाळलं तसंच पुन्हा चढतं. नको असलेली मासळी टाळायची असेल तर यंदा आधी ते उलगडा.

पिल्लं निवडून समुद्रात परत टाकली की जगतात, ही बहुतेक वेळा नुसती समजूत असते. खोल पाण्यातून झटक्यात वर आलेल्या माशाचा वाताशय (पोटातली हवेची पिशवी) फुगतो, कधी जठर तोंडातून बाहेर येतं, खोळीत, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, घासून खवलेही गेलेले असतात. जगभरात २०१० ते २०१४ या काळात वर्षाला सरासरी ९१ लाख टन मासळी अशी फेकली गेली, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे. त्यातली निम्म्याच्या आसपास तळाच्या ट्रॉलची, म्हणजे समुद्रतळावरून ओढायच्या जाळ्याची. म्हणून सुटका व्हायची ती पाण्यातच व्हायला हवी.

सगळ्यात आधी खोळ पाहा. नेहमीच्या विणीच्या जाळ्याचा तुकडा टांगून खाली वजन बांधा. आस, म्हणजे जाळ्याची भोकं, लांबट होऊन मिटतात, बोटही जात नाही. भरल्या खोळीत हेच घडतं. कागदावर आस कितीही मोठा असो. चौकोनी आस ताणाखालीही उघडा राहतो, म्हणून खोळीला किंवा निदान तिच्या वरच्या भागाला तो लावावा. आस मोजायचा तो जाळं ओलं करून, ताणून. खोळ फाटू नये म्हणून वर दुसरं जाळं गुंडाळायची सवय असेल तर ती सोडा, नाहीतर चौकोनी आसाचा खर्च वाया गेला म्हणून समजा.

कोळंबीच्या जाळ्यात तिरकी जाळी (ग्रिड) बसवता येते. कोळंबी गजांमधून मागे जाते, मोठा मासा वरच्या तोंडातून निसटतो. कलता कोन साधारण ४५ ते ५० अंशांचा ठेवावा. उभी झाली तर कचरा अडकतो, फार आडवी झाली तर कोळंबी निघून जाते आणि मग खलाशी ग्रिडलाच शिव्या देतात! कासवांना बाहेर निसटू देणाऱ्या ग्रिडमध्ये दोन गजांतलं अंतर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको.

हंगामाच्या तोंडाला पिल्लं खूप असतात. नव्या जागी पहिली ओढ वीस-तीस मिनिटांचीच करा. खोळीत पिल्लंच जास्त दिसली तर जागा सोडा किंवा खोली बदला. जागा, खोली, वेळ वहीत टिपा. तीन-चार तासांच्या ओढीत आतलं सगळं चेंगरतं, चांगल्या मासळीचा भावही पडतो.

निवड करताना ढिगावर समुद्राचं पाणी मारत राहा आणि आधी जिवंत पाकट, मुशी सोडा. त्यांना वाताशय नसतो, त्यामुळे जगण्याची शक्यता बरी असते. पाकट शेपटीला धरून फेकू नका.

कासव हलत नसेल तर मेलं म्हणून लगेच टाकू नये, ते बेशुद्ध असू शकतं. पोटावर ठेवून मागचा भाग १५ सेंटिमीटर तरी उचला, सावलीत ओलं ठेवा. शुद्धीवर यायला कधी चार तास लागतात, कधी पूर्ण दिवस. सोडताना जाळं पाण्यात नको, इंजिन न्यूट्रलमध्ये हवं, आणि कासव नौकेच्या मागच्या बाजूने अलगद सोडावं.