आयरिश रग्बीपटूची कारकीर्द कशी वाचावी

सिक्स नेशन्स या युरोपातील सहा देशांच्या वार्षिक रग्बी स्पर्धेचे सामने पाहू लागलेल्या मराठी प्रेक्षकाला एखाद्या आयरिश खेळाडूची कारकीर्द जाणून घ्यावीशी वाटली, की क्रिकेटच्या सवयीने त्याचे लक्ष आधी आकड्यांकडे जाते: किती सामने, किती गुण, किती ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून केलेले गुण). आयर्लंडच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. तेथील व्यावसायिक खेळाडू कुठे खेळतो, किती खेळतो आणि कोणत्या आठवड्यात विश्रांती घेतो, हे ठरवण्यात राष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे आयरिश रग्बी फुटबॉल युनियनचा, मोठा वाटा असतो. म्हणून त्याने न खेळलेल्या सामन्यांकडेही तितक्याच बारकाईने पाहावे लागते.

सुरुवात प्रांतापासून करावी. रग्बी युनियन हा खेळ ऑगस्ट 1995 मध्ये अधिकृतपणे व्यावसायिक झाला. त्यानंतर इंग्लंड आणि फ्रान्समधील मोठे क्लब धनिक मालकांच्या हाती गेले. आयर्लंडमध्ये मात्र जुने क्लब मुख्यतः हौशी पातळीवरच राहिले आणि पगारी खेळ चार प्रांतिक संघांकडे गेला. डब्लिनचा लेन्स्टर, लिमरिक व कॉर्कचा मन्स्टर, बेलफास्टचा अल्स्टर आणि गॉलवेचा कॉनॉट हे ते चार संघ. खेळाडूच्या नावापुढे लॅन्सडाउन, गॅरीओवेन किंवा यंग मन्स्टर अशा क्लबचे नाव दिसले, तर तो त्याला पगार देणारा संघ आहे असे समजू नये. बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये आहे. तरीही रग्बीत संपूर्ण बेटाचा एकच राष्ट्रीय संघ असतो, हेही ध्यानात ठेवावे.

त्यानंतर शाळा आणि अकादमी पाहावी. लेन्स्टरकडे येणारी मुले मोठ्या प्रमाणात ब्लॅकरॉक कॉलेजसारख्या फी घेणाऱ्या शाळांतून येतात, तर लिमरिकमध्ये रग्बी हा कामगार वस्त्यांचाही खेळ आहे. अकादमीत साधारण तीन वर्षे काढल्यावर प्रांताचा करार मिळतो किंवा मिळत नाही, आणि न मिळणे म्हणजे शेवट असे मानण्याचे कारण नाही. टाइग बर्नला लेन्स्टरने 2016 मध्ये पुढचा करार दिला नाही. तो वेल्समधील स्कार्लेट्सकडे गेला, दुसऱ्याच वर्षी त्या संघाबरोबर आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड व इटलीतील संघांची प्रो 12 स्पर्धा जिंकला, 2018 मध्ये मन्स्टरसाठी मायदेशी परतला आणि त्याच वर्षी आयर्लंडकडून खेळला. ज्याच्या नोंदीत असे वळण आहे, त्याच्याविषयी मला सरळ चढत गेलेल्या खेळाडूपेक्षा अधिक वाचावेसे वाटते.

खरी गोम करारात आहे. बहुतेकांचा करार प्रांताशी असतो, पण राष्ट्रीय संघाला अत्यावश्यक वाटणाऱ्या मोजक्या खेळाडूंना युनियन थेट केंद्रीय करार देते. अशा खेळाडूच्या हंगामाकडे पाहिले, तर सप्टेंबरमधील पहिले काही सामने रिकामे दिसतात, कारण उन्हाळी दौऱ्यानंतर त्याला सक्तीची विश्रांती असते. नोव्हेंबरमध्ये तो देशाकडून खेळतो, नाताळाच्या सुमारास होणाऱ्या प्रांतांमधील लढतींपैकी एखादीच त्याच्या वाट्याला येते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा राष्ट्रीय संघ. प्रांताकडून कमी सामने दिसले म्हणून त्याची निवड होत नव्हती, असा निष्कर्ष काढणे बहुतेक वेळा चुकीचे ठरते. रिकाम्या आठवड्यांचे कारण दुखापत, विश्रांती की वगळणे, हे त्या काळातील सामन्यांच्या वार्तांकनातून तपासून घ्यावे. तिकीट काढून प्रांताचा सामना पाहायला गेलेल्या प्रेक्षकाला आपला आवडता खेळाडू दिसत नाही, ही या व्यवस्थेची उघड किंमत आहे. पण टॅकलमागून टॅकल (चेंडू असलेल्याला धरून खाली पाडणे) झेलणाऱ्या शरीरांचे आयुष्य तिने वाढवले, असे माझे मत आहे.

परदेशी क्लबचे नाव आढळले, तर तारखा शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात. परदेशात खेळणाऱ्याला राष्ट्रीय संघात सहसा घ्यायचे नाही, असा युनियनचा प्रघात आहे. सायमन झेबोने पॅरिसच्या रॅसिंग 92 कडे जाण्याचे 2017 मध्ये जाहीर केले आणि त्याच नोव्हेंबरच्या संघातून त्याचे नाव गेले. 2021 मध्ये तो मन्स्टरला परतला, तरी आयर्लंडकडून पुन्हा खेळला नाही. जॉनी सेक्सटन मात्र 2013 ते 2015 या काळात त्याच पॅरिसच्या क्लबकडून खेळत असतानाही आयर्लंडचा फ्लाय-हाफ, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, राहिला आणि दोनदा सिक्स नेशन्स जिंकला. नियमाला अपवाद हवाच असेल, तर खेळाडू सेक्सटनच्या तोलाचा असावा लागतो.

आंतरराष्ट्रीय सामन्यांची संख्या, म्हणजे 'कॅप', सर्वांत शेवटी मोजावी. बदली म्हणून काही मिनिटे उतरलेल्यालाही कॅप मिळते, आणि ब्रिटिश व आयरिश लायन्सकडून, म्हणजे ब्रिटन व आयर्लंडमधील निवडक खेळाडूंच्या संयुक्त दौरा-संघाकडून, खेळलेले कसोटी सामने वेगळे मोजले जातात. ब्रायन ओ'ड्रिस्कॉलच्या नावावर 133 आणि 141 असे दोन आकडे आढळतात ते याचमुळे: पहिला केवळ आयर्लंडचा, दुसऱ्यात लायन्सचे 8 सामने मिळवलेले. त्याचा 133 चा विक्रम 2024 मध्ये कियन हीलीने मागे टाकला. हीली प्रॉप होता. स्क्रमच्या, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांना भिडून ढकलतात त्या रचनेच्या, पहिल्या फळीतील असा खेळाडू बदली म्हणून उतरत तिशीच्या उत्तरार्धापर्यंत टिकू शकतो, तर सेंटरला, म्हणजे स्क्रमबाहेरच्या धावणाऱ्या फळीत, खेळणाऱ्या ओ'ड्रिस्कॉलकडे तो मार्ग फारसा नव्हता. खेळाडूची मैदानावरील जागा न पाहता केलेली तुलना व्यर्थ होय.

अखेरीस कारकीर्द कशी संपली ते पाहावे. लिमरिकचा लॉक (स्क्रमच्या दुसऱ्या फळीतील खेळाडू) पॉल ओ'कॉनेल आयर्लंडकडून 108 सामने खेळला. विश्वचषकाआधीच त्याने फ्रान्सच्या तूलाँ क्लबशी करार केला होता. 11 ऑक्टोबर 2015 रोजी कार्डिफमध्ये विश्वचषकातील फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात, मध्यंतराच्या तोंडावर, त्याच्या मांडीमागचा स्नायू हाडापासून निखळला आणि त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. फेब्रुवारी 2016 मध्ये वैद्यकीय सल्ल्याने त्याने निवृत्ती जाहीर केली. तूलाँकडून खेळलेल्या सामन्यांची संख्या शून्य राहिली. 2021 पासून तो राष्ट्रीय संघाच्या फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये उतरणाऱ्या, खेळाडूंना शिकवत आहे.

पैशाचा हिशेब मांडायचा असेल, तर आयर्लंडचा प्राप्तिकर कायदाही उघडावा लागतो. निवृत्त होणाऱ्या व्यावसायिक खेळाडूला कमाल दहा वर्षांच्या खेळातील मिळकतीवर 40 टक्के वजावट मागता येते, मात्र तीत जाहिराती व प्रायोजकत्वाचे पैसे धरले जात नाहीत. फ्रान्समधील मोठा पगार आणि डब्लिनमधील लहान पगार यांची तुलना करताना या वजावटीमुळे वाचणारा कर डब्लिनच्या बाजूला मिळवावा. महिला खेळाडूंना ही पद्धत जशीच्या तशी लावू नये, कारण पंधरा जणींच्या रग्बीसाठी युनियनने व्यावसायिक करार 2022 मध्येच जाहीर केले, आणि त्याआधीच्या कारकिर्दी नोकरी किंवा शिक्षण सांभाळून घडलेल्या आहेत.