सहावीनंतर पुणे सोडून बेंगळुरूला: लेकीच्या अभ्यासाचं काय झालं

२०२३ मध्ये ह्यांची बदली बेंगळुरूला झाली. लेक पुण्यात स्टेट बोर्डाला, सेमी इंग्लिशमध्ये, नुकतीच सहावी झालेली आणि इथे सातवीला सीबीएसईत अ‍ॅडमिशन मिळाली. पहिला फटका वेळापत्रकाचा, आपला निकाल लागतो १ मेच्या सुमाराला आणि इथली शाळा एप्रिललाच सुरू झालेली, ती वर्गात जाऊन बसेपर्यंत दोन-तीन धडे उरकलेले.

गणित-विज्ञानाची मला धास्ती होती पण ते सेमीमुळे निभावलं. अडलं भूगोलात. पहिल्याच टेस्टला खडकांचे प्रकार आलेले आणि तिथे नुसती कोरी जागा. मी म्हटलं अगं हे तर तुला पाठ आहे, तर धडाधड बोलायला लागली, अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित, वर बेसाल्ट कसा बनतो तेपण. मग लिहिलं का नाहीस? तर म्हणे, "आई, सेडिमेंटरी म्हणजेच स्तरित हे मला कुठे माहीत होतं!" पोटात कालवलं माझ्या. पोरीला सगळं येत होतं, फक्त नावं बदललेली. मग वहीच्या मागे दोन रकाने आखले, डावीकडे मराठी उजवीकडे इंग्रजी, रोज जेवण झालं की दहा शब्द. दिवाळीपर्यंत गाडी रुळावर आली. ट्यूशन लावायच्या आधी हे करून बघा, खरंच सांगते.

कन्नडचं टेन्शन सगळ्यांनाच येतं. इथे शाळेत कन्नड शिकवण्याचा २०१५ चा कायदाच आहे, त्यामुळे बोर्ड कुठलंही असलं तरी सुटका नाही असंच धरून चाला. पण आपल्या मुलांना ते वाटतं तितकं जड जात नाही, क ख ग घ तोच क्रम, ळ पण आहे, फक्त लिपी नवी आणि ए-ओ चे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे, तिथे लेक अजून चुकते.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही आमच्याकडे मागितली होती, ती पुण्यात असतानाच करून घ्या, नंतर फेऱ्या मारणं फार त्रासाचं. आणि शक्य असेल तर नववी-दहावीच्या मध्ये मुलांना हलवू नका, सीबीएसईत रजिस्ट्रेशन नववीलाच होतं आणि थेट दहावीत घेण्याचे नियम कडक आहेत.

हो, आणि जुनी मराठी पुस्तकं रद्दीत घालू नका. आमची दिली गेली, मग त्या रकान्यांसाठी बालभारतीच्या साइटवरून पीडीएफ शोधत बसले.