मागचा ॲक्सल बदलल्यानंतर गाडी थरथरते किंवा आवाज करते तेव्हा दोष कसा शोधावा

मागचा ॲक्सल बदलून गाडी रस्त्यावर काढली आणि ठरावीक वेगाला तळातून थरथर किंवा घरघर येऊ लागली, की बहुतेकांचा संशय थेट क्राऊन-पिनियनवर (शाफ्टची गती चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी चक्रांच्या जोडीवर) जातो आणि ती जोडी ज्यात असते तो, नुकताच बसवलेला डिफरन्शियल पुन्हा खोलला जातो. ही घाई करू नये. ॲक्सलबरोबर प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्याचा) कोन, त्याच्या फिरण्याचा वेग, चाकांची बैठक आणि पाट्यांवरची (लीफ स्प्रिंगवरची) पकड हे सगळेच बदललेले असते. क्राऊन-पिनियनचे दाते चुकीचे जुळले तर ते सहसा आवाज करतात. गाडी हलवणारे भाग बहुधा वेगळे असतात.

पाना हातात घेण्याआधी सपाट, मोकळ्या रस्त्यावर चाचणी घ्यावी आणि निरीक्षणे लिहून घेण्यासाठी शेजारी कोणाला तरी बसवावे. थरथर ज्या वेगाला सुरू होते तोच वेग राखून एक गिअर खाली घ्यावा. इंजिनाचे फेरे बदलूनही थरथर तशीच राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे असलेल्या भागांत आहे. त्यानंतर त्याच वेगाला, इंजिन चालू ठेवूनच, गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये सोडावी. थरथर टिकून राहिली तर असंतुलन किंवा वाकडेपणा शोधायचा; ती इंजिनाची ओढ बंद होताच नाहीशी झाली, तर बहुधा कोन किंवा ढिली पकड शोधायची.

पुढचे काम आकडेमोडीचे आहे आणि ते फार उपयोगी पडते. समजा टायरचा परीघ २ मीटर आहे. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, म्हणजेच चाकाचे सेकंदाला १० फेरे. ॲक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे) ४.१ असेल तर प्रॉपेलर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला ४१ फेरे घेतो, आणि त्याच्या क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाला असलेल्या, वाकूनही फिरणाऱ्या सांध्याचा) कोन चुकला असेल तर धक्का फेऱ्यामागे दोनदा, म्हणजे सेकंदाला ८२ वेळा बसतो. कंपने मोजणारे मोबाइल ॲप सीटच्या लोखंडी पट्टीवर घट्ट टेकवून यांपैकी कोणता आकडा येतो ते पाहावे. १० च्या आसपास आला तर चाक, टायर, ड्रम किंवा हाफ शाफ्टची (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्याची) फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडायची चकती. ४१ आला तर शाफ्टचे संतुलन किंवा पिनियनची फ्लँज. ८२ आला तर क्रॉसचे कोन.

इथेच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुने गुणोत्तर ३.५ होते आणि आता ४.१ आहे, तर त्याच वेगाला शाफ्ट सुमारे १७ टक्के जास्त फिरतो आणि असंतुलनाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तो सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो. पूर्वी ताशी १०० ला जाणवणारी किंचित थरथर आता ८५ लाच सुरू होते. अशा वेळी नवा ॲक्सल निर्दोष असतो. जुन्या शाफ्टचाच दोष उघड झालेला असतो.

चाकांची तपासणी लवकर आटोपते. पुढच्या चाकांना उटी (चाक सरकू नये म्हणून लावायचा ठोकळा) लावून मागचा ॲक्सल स्टँडवर घ्यावा, चाके काढावीत आणि हबच्या मध्यभागी असलेला उंचवटा रिमच्या भोकात नीट बसतो का ते पाहावे. नव्या ॲक्सलचा हा उंचवटा लहान असेल तर चाक मधोमध न बसता केवळ नटांवर पेलले जाते, आणि मग बॅलन्सिंग कितीही वेळा केले तरी थरथर जात नाही. डायल गेजने (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकाने) फ्लँज डगमगते का तेही मोजावे.

खरा वेळ कोनांना द्यावा. क्रॉस वाकलेल्या स्थितीत फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडची बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेगावते आणि दोनदा मंदावते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल आणि शाफ्टची दोन्ही योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत असतील, तर ही चढउतार तिथे विरून जाते. म्हणून दोन टोकांना एकेक क्रॉस असलेल्या अखंड शाफ्टमध्ये गिअरबॉक्सचा बाहेर येणारा दांडा आणि पिनियन समांतर हवेत, आणि प्रत्येक क्रॉसचा कोन साधारण १ ते ३ अंश असावा. गाडीचे वजन चाकांवर असतानाच कोन मोजावेत, कारण ॲक्सल लोंबकळत असताना मिळणारा आकडा निरुपयोगी असतो. पाट्यांच्या गाडीत ओढ लागताच पिनियनचे तोंड वर उचलले जाते, म्हणून ते उभ्या गाडीत १ ते २ अंश खाली ठेवतात. फरक निघाला तर पाटा आणि ॲक्सलवरची बैठक यांच्यामध्ये उताराची पाचर घालून तो काढता येतो. क्रॉसच्या टोपीभोवती तांबूस, कोरडी भुकटी दिसली, तर आतल्या सुया ग्रीसविना घासत आहेत. कोन जुळवण्याआधी तो क्रॉस बदलावा.

आवाजाकडे आता वळावे. वळणावर घरघर वाढली तर व्हील बेअरिंग पाहावे. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो, म्हणून तेव्हा वाढणारा आवाज बहुधा डावीकडचा असतो. रेस देताना वा सोडताना एकदाच ‘खट्’ होत असेल तर यू-बोल्ट (ॲक्सल पाट्यांना आवळणारे बोल्ट) आणि क्रॉस तपासावेत. खड्ड्यात ठोका बसत असेल तर सायलेन्सरच्या नळीवर, ॲक्सल वर येतो त्या जागी, घासून चकाकलेला चट्टा सापडतो का ते पाहावे. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एकच चाक मोकळे फिरू न देणारा प्रकार) असलेली गाडी संथ, तीव्र वळणावर कुरकुरत असेल तर तेलात त्याचे खास मिश्रण घातले आहे का ते आधी पाहावे.

एवढे करूनही ओढ असताना किंवा रेस सोडल्यावर एकसुरी, शिट्टीसारखा आवाज राहिला, तरच डिफरन्शियल खोलावा. दातांना खूण उमटवणारी पेस्ट लावून भार देत क्राऊन फिरवावा: खूण दाताच्या वरच्या कडेला उमटली तर पिनियन क्राऊनपासून दूर आहे, बुडाशी उमटली तर फार जवळ आहे. दातांमधला मोकळेपणा निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत आहे का ते डायल गेजने पाहावे. पिनियन हाताने मागेपुढे हलत असेल, तर त्याच्या बेअरिंगवरचा ताण गेलेला आहे. अशी गाडी दुरुस्तीपर्यंत चालवू नये, कारण ते बेअरिंग तुटल्यास मागची चाके धावत्या गाडीत जाम होऊ शकतात.